कवटी न उघडता मेंदूच्या गाभ्यापर्यंत

मेंदूचे जे आजार हटता हटत नाहीत, त्यांचा ठाव बहुतेक वेळा खोलवर लागतो. हाताची न थांबणारी थरथर घ्या, वर्षानुवर्षे औषधांना दाद न देणारे नैराश्य घ्या, जखम भरून आल्यावरही न सरणारी वेदना घ्या, नाहीतर काही केल्या न सुटणारे व्यसन. या साऱ्यांशी निगडित असलेली महत्त्वाची केंद्रे मेंदूच्या पृष्ठभागावर नाहीत. ती कवटीपासून काही सेंटीमीटर आत, थॅलॅमसमध्ये किंवा दोन गोलार्धांच्या आतल्या बाजूला आहेत. त्यातली कित्येक केंद्रे जेमतेम काही मिलिमीटरची, आणि शेजारी तितक्याच महत्त्वाची दुसरी केंद्रे खेटून बसलेली.

तिथवर पोचायचे कसे? गोळी घेतली तर औषध रक्तातून साऱ्या मेंदूत पसरते. जिथे हवे तिथेही आणि नको तिथेही. फ्रान्समधल्या ग्रनोबल शहरात आलीम-लुई बेनाबिद यांनी १९८७ मध्ये दुसरा मार्ग दाखवला. कवटीला छिद्र पाडून सव्वा मिलिमीटरच्या आसपास जाडीची विद्युततार थेट केंद्रापर्यंत न्यायची आणि तिला जोडलेले बॅटरीचे यंत्र छातीच्या कातडीखाली बसवायचे. कंपवाताच्या असंख्य रुग्णांना या उपचाराने हातपाय परत मिळवून दिले. पण ती अखेर मेंदूची शस्त्रक्रिया आहे. रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग यांचा धोका तिच्यासोबत येतोच. त्याआधी दोन वर्षे इंग्लंडमधल्या शेफील्डमध्ये अँथनी बार्कर यांनी डोक्यावर तारेचे वेटोळे धरून, चुंबकीय क्षेत्राच्या झटक्याने मेंदू बाहेरूनच चेतवून दाखवला होता. त्यात चिरफाड नाही, पण कवटीच्या आत दोन-तीन सेंटीमीटर गेल्यावर त्या क्षेत्राचा जोर झपाट्याने ओसरतो. सुरी टाळावी तर खोली हाती लागत नाही आणि खोली गाठावी तर सुरी टळत नाही, असा हा पेच आहे.

तो सोडवू पाहणारे साधन आपल्या चांगल्याच ओळखीचे आहे. सोनोग्राफीच्या खोलीत पोटावर जेली लावून जो प्रोब फिरवतात, त्यातून निघणारा श्राव्यातीत ध्वनी. मात्र इथे त्याचे काम चित्र काढण्याचे नाही. आतल्या चेतापेशींना डिवचणे, त्यांना जागे करणे किंवा काही काळ शांत करणे हे काम त्याच्याकडून करून घ्यायचे आहे. ध्वनी तिथवर पोचतो, हे आता सिद्ध झाले आहे. पोचून तो नेमके काय करतो आणि जे घडले ते त्यानेच घडवले का, हे ठरवण्याची शिस्त हा या संशोधनाचा खरा कणा आहे. त्यामुळे यात मिळालेल्या यशाइतकीच त्या यशावर घेतलेल्या शंकांची हकिकतही सांगायला हवी.

पाणबुडीकडून मेंदूकडे

माणसाच्या कानाला सेकंदाला साधारण २०,००० कंपनांपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो. त्यापुढचा सारा ध्वनी आपल्यासाठी श्राव्यातीत. तो निर्माण करण्याची किल्ली जाक आणि पिएर क्युरी या भावांना १८८० मध्ये सापडली. क्वार्ट्झसारखे काही स्फटिक दाबले की त्यांच्यावर विद्युतभार निर्माण होतो. याच्या उलट, विद्युतदाब दिला की ते आकुंचन-प्रसरण पावतात, हेही लवकरच दिसून आले. हा दाब सेकंदाला लाखो वेळा उलटसुलट केला तर स्फटिक तितक्याच वेगाने थरथरतो आणि ध्वनी बाहेर टाकतो. पहिल्या महायुद्धात जर्मन पाणबुड्यांचा माग काढण्यासाठी पॉल लांजव्हँ यांनी हेच तत्त्व वापरले. त्यांच्या यंत्रासमोर आलेले मासे मरत आणि त्या पाण्यात हात घातला की वेदना होत. हा ध्वनी सजीव ऊतींवर काहीतरी परिणाम करतो, याची ती पहिली खूण होती.

१९२९ मध्ये एडमंड न्यूटन हार्वे या अमेरिकी शास्त्रज्ञाने बेडूक आणि कासव यांच्या स्नायूंवर हा ध्वनी सोडला आणि ते आकुंचन पावतात असे नोंदवले. स्नायू आणि चेतापेशी दोन्ही विद्युत संकेतांवर चालतात. स्नायू प्रतिसाद देतात, तर मेंदू का नाही, हा प्रश्न तेव्हापासून उभा राहिला.

त्याला पहिले भरीव उत्तर मिळाले इलिनॉय विद्यापीठात. विल्यम फ्राय यांनी दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत पाण्याखालच्या ध्वनीवर काम केले होते. युद्धानंतर त्यांनी आणि त्यांचे भाऊ फ्रान्सिस यांनी तेच ज्ञान मेंदूकडे वळवले. त्यांचा १९५८ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग आजही थक्क करतो. मांजराच्या डोळ्यांसमोर प्रकाश चमकवला की त्याचा संदेश दृष्टिपटलातून निघतो, थॅलॅमसमधल्या लॅटरल जेनिक्युलेट न्यूक्लियस या केंद्रातून जातो आणि मेंदूच्या मागच्या भागातल्या दृष्टिकेंद्रात पोचतो. फ्राय यांनी वाटेतल्या या केंद्रावर ध्वनी एकवटला. दृष्टिकेंद्रात उमटणारा विद्युत संकेत मूळच्या एक-तृतीयांशाहून खाली उतरला. ध्वनी थांबवल्यावर अर्ध्या तासाच्या आत तो पूर्ववत झाला. पेशी मेल्या नव्हत्या. काही काळ गप्प झाल्या होत्या. मेंदूचा एक खोल भाग तात्पुरता बंद करून पुन्हा सुरू करता येतो, ही कल्पना त्या दिवसापासून केवळ कल्पना राहिली नाही.

एक अडचण मात्र जिथल्या तिथे होती. फ्राय यांच्या काळात ध्वनीला वाट करून देण्यासाठी कवटीचा तुकडा काढावाच लागे. आयोवा विद्यापीठातले शल्यविशारद रसेल मायर्स यांच्यासोबत त्यांनी कंपवाताच्या रुग्णांवर उपचार केले, तेही कवटी उघडूनच. मग सुरी टळली असे कसे म्हणायचे? १९६८ मध्ये विल्यम फ्राय गेले आणि पुढची कित्येक वर्षे हा विषय मागे पडला.

कवटीचा अडसर

ध्वनीच्या दृष्टीने कवटी ही तीन प्रकारची अडचण आहे. ती ध्वनी परावर्तित करते, शोषून घेते आणि वाकडातिकडा करते. मेंदूच्या ऊतीत ध्वनी सेकंदाला सुमारे १,५४० मीटर वेगाने जातो, तर कवटीच्या हाडात जवळजवळ दुप्पट वेगाने. शिवाय कवटीची जाडी सगळीकडे सारखी नसते. कानशिलाजवळ ती पातळ, मागे जाड, आणि प्रत्येक माणसाची तऱ्हा वेगळी. एकाच वेळी निघालेल्या लहरी हाडातून पार होताना कमीजास्त वेळ घेतात आणि पलीकडे त्यांचा मेळ राहत नाही.

शोषणावर उपाय म्हणजे वारंवारिता कमी करणे. पोटाच्या सोनोग्राफीत साधारण ३.५ मेगाहर्ट्झचा ध्वनी वापरतात. मेंदूसाठी त्याच्या सातव्या हिश्श्याएवढा, ५०० किलोहर्ट्झच्या आसपासचा. तो हाडातून बऱ्यापैकी पार होतो. पण याची किंमत मोजावी लागते. वारंवारिता घटली की तरंगलांबी वाढते आणि तरंगलांबीपेक्षा फार लहान जागेवर ध्वनी एकवटता येत नाही. ५०० किलोहर्ट्झला मेंदूतली तरंगलांबी सुमारे तीन मिलिमीटर भरते. साध्या, एकाच स्फटिकाच्या प्रोबने तयार होणारा ध्वनीचा ठिपका काही मिलिमीटर रुंद असला, तरी लांबीला दोन-तीन सेंटीमीटरपर्यंत ताणला जातो. तेवढ्या लांबीत एक सोडून चार केंद्रे येतात.

यावर तोड निघाली ती अनेक छोटे स्फटिक एकत्र वापरून. ढोल पथकातले वादक एका मोठ्या मैदानात इकडेतिकडे विखरून उभे आहेत आणि मधोमध उभ्या असलेल्या एकाच माणसाच्या कानी सगळ्यांचा ठोका एकाच क्षणी पडायला हवा आहे, असे समजा. मग लांबच्याने टिपरू आधी मारायचे आणि जवळच्याने जरा थांबून. प्रत्येकाने किती थांबायचे याचे गणित अचूक जमले तर त्या एका जागी दणका बसतो. इतरत्र नुसता विस्कळीत गलबला. शिरस्त्राणासारख्या उपकरणात बसवलेले शेकडो स्फटिक हेच करतात. रुग्णाच्या डोक्याचे सीटी स्कॅन करून हाड कुठे किती जाड आहे ते मोजतात आणि प्रत्येक स्फटिकाच्या लहरीला किती आगेमागे सोडायचे ते संगणक ठरवतो. वाकडेतिकडे झालेले ध्वनितरंग पुन्हा एका बिंदूवर कसे आणावेत याचा पाया पॅरिसमध्ये माथियास फिंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घातला.

प्रत्यक्ष प्रयोगात किती बारीकसारीक गोष्टी सांभाळाव्या लागतात, हे केसांवरून कळते. हवा आणि पाणी यांच्या सीमेवर हा ध्वनी जवळजवळ सगळाच्या सगळा उलट फिरतो. केसांत अडकलेले हवेचे बुडबुडे म्हणजे ध्वनीच्या वाटेतली भिंतच. म्हणून शस्त्रक्रियेच्या वेळी डोक्याचे मुंडण करतात. निरोगी स्वयंसेवकांवर प्रयोग करताना भांग पाडून, केसांच्या मुळांपर्यंत जेली चोळून चोळून बुडबुडे काढून टाकतात. हे काम घाईत उरकले तर पुढचे सारे गणित वाया जाते.

२०२५ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या एलिनॉर मार्टिन आणि ब्रॅडली ट्रीबी यांनी ऑक्सफर्डच्या शार्लट स्टॅग यांच्यासह या साऱ्या प्रयत्नांचे फळ जगापुढे ठेवले. त्यांच्या शिरस्त्राणात २५६ स्फटिक आहेत. डोके जरासुद्धा हलू नये म्हणून चेहऱ्यावर त्याच्याच मापाचा प्लॅस्टिकचा मुखवटा बसवतात, आणि हे सगळे एमआरआय यंत्राच्या आत, मेंदूत काय चालले आहे ते त्याच वेळी पाहत. त्यांनी निवडलेले केंद्रही तेच, लॅटरल जेनिक्युलेट न्यूक्लियस. सात स्वयंसेवकांना लुकलुकणारा काळ्या-पांढऱ्या चौकटींचा पट दाखवत त्या केंद्रावर ध्वनी सोडला, तेव्हा मागच्या दृष्टिकेंद्रातली हालचाल वाढलेली दिसली. दुसऱ्या प्रकारच्या स्पंदांनी तीच हालचाल नंतर किमान ४० मिनिटे मंदावली. आपल्याला वेगळे काही दिसते आहे असे स्वयंसेवकांना मात्र जाणवले नाही. फ्राय यांनी मांजराची कवटी उघडून जे केले, ते जाग्या माणसात, कातडीला ओरखडाही न काढता करता आले.

चेतापेशीला होते तरी काय?

विजेने चेतापेशी उद्दीपित होते, यात नवल नाही. तिचा कारभारच विजेवर चालतो. पण ध्वनी म्हणजे दाबाची लहर. सेकंदाला पाच लाख वेळा होणारी ही दाबादाबी पेशीला कशी कळते? चेतापेशी सेकंदाला फार तर काहीशे वेळा संदेश सोडू शकते. लहरींच्या वेगाने ती धावणे शक्यच नाही.

उष्णता हे पहिले सुचणारे कारण. पण या प्रयोगांत वापरलेल्या ध्वनीने मेंदूचे तापमान सहसा अंशाच्या काही हिश्श्यानेच वाढते. उरतो तो यांत्रिक रेटा. ध्वनी ज्या ऊतीतून जातो तिला तो आपल्या दिशेने हलकेच पुढे ढकलतो. हे सरकणे मायक्रोमीटरच्या मोजमापातले असते, तरी पेशीच्या पटलाला तेवढाही ताण जाणवतो. त्या पटलात काही प्रथिने अशी असतात, की ताण पडला की ती दारासारखी उघडतात आणि आयन आत घेतात. स्पर्श जाणवतो तो अशाच वाहिन्यांमुळे. पिएझो नावाच्या अशा वाहिन्या शोधणाऱ्या आर्डेम पॅटापूटियन यांना २०२१ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

२०२२ मध्ये कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या मिखाइल शपिरो यांच्या गटाने काचेच्या बशीत वाढवलेल्या चेतापेशींवर हे टप्प्याटप्प्याने पडताळून पाहिले. ध्वनीमुळे ताण ओळखणाऱ्या ठरावीक वाहिन्या उघडतात आणि थोडे कॅल्शियम आत येते. त्या कॅल्शियममुळे दुसऱ्या वाहिन्या उघडतात, सुरुवातीचा क्षीण संकेत मोठा होतो आणि पेशी संदेश सोडते. या साखळीतली एखादी कडी रोखली की प्रतिसादही घटतो. कॅलिफोर्नियातल्याच साल्क इन्स्टिट्यूटमध्ये श्रीकांत चलसानी यांनी उलट बाजूने पुरावा दिला. सूक्ष्म कृमींच्या ठरावीक चेतापेशींत ताण ओळखणारी एक वाहिनी जनुकीय तंत्राने जास्तीची घातली, तेव्हा एरवी त्या ध्वनीची दखलही न घेणारे कृमी ध्वनी येताच वळू लागले. हे काम २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे ध्वनीचा ठेका. तोच ध्वनी, तीच जागा. पण स्पंद किती लांबीचे आणि किती अंतराने, यावर पेशी जाग्या होणार की शांत, हे बऱ्याच अंशी ठरते. टोरांटोमध्ये रॉबर्ट चेन यांच्या गटाने हालचालींच्या केंद्रावर केवळ ८० सेकंद ध्वनी सोडला. २० मिलिसेकंदांचा स्पंद, सेकंदाला पाच वेळा. त्या केंद्राची उद्दीपनक्षमता पुढे निदान अर्धा तास वाढलेली राहिली. ध्वनी थांबल्यावरही परिणाम टिकतो, याचा अर्थ चेतापेशींमधल्या जोडण्यांची ताकद काही काळ बदलत असावी. उपचाराची आशा आहे ती यातच.

बहिऱ्या प्राण्यांची साक्ष

या विषयाचा आधुनिक अध्याय सुरू झाला २००८ मध्ये. ॲरिझोना स्टेट विद्यापीठात विल्यम टायलर यांनी मेंदूच्या पातळ चकत्यांवर, आणि २०१० मध्ये जिवंत उंदरांवर, कमी तीव्रतेच्या ध्वनीचा परिणाम दाखवला. उंदराच्या डोक्यावर बाहेरून ध्वनी सोडला की त्याचे पंजे हलत. २०१४ मध्ये विन लेगॉन आणि टायलर यांनी माणसाच्या स्पर्शकेंद्रावर ध्वनी एकवटला, तेव्हा त्वचेवर टेकवलेली दोन टोके वेगवेगळी ओळखण्याची क्षमता सुधारली. जगभर प्रयोगशाळा कामाला लागल्या.

आणि मग २०१८ मध्ये दोन निबंध एकाच वेळी आले. एक मिनेसोटा विद्यापीठातल्या ह्युबर्ट लिम यांच्या गटाचा, गिनिपिगांवरचा. दुसरा शपिरो आणि डोरिस त्साओ यांच्या गटाचा, उंदरांवरचा. दोघांनाही मेंदूत जोरदार प्रतिसाद दिसला होता. पण ध्वनी मेंदूत कुठेही एकवटला तरी श्रवणकेंद्र जागे होत होते, ही गोष्ट त्यांना खटकली. मग त्यांनी प्राण्यांची श्रवणशक्ती बंद करून तोच प्रयोग केला. गिनिपिगांच्या मेंदूतला तो व्यापक प्रतिसाद नाहीसा झाला. उंदरांच्या हालचालीही पुष्कळ कमी झाल्या.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. ५०० किलोहर्ट्झचा ध्वनी कानाला ऐकू येत नाही हे खरे. पण तो सेकंदाला हजार वेळा झटक्यात चालू-बंद केला, तर ते चालू-बंद होणे म्हणजेच १,००० हर्ट्झचा ठोका, आणि तो ऐकू येण्याजोगा असतो. कवटीच्या हाडातून तो थेट अंतर्कर्णात पोचतो. मेंदूला ध्वनीने चेतवले असे जे वाटत होते, त्यातला मोठा वाटा प्राणी आवाज ऐकून दचकत होते याचा होता.

एवढ्यावर कुणी हात टेकले नाहीत, ही मला या क्षेत्राची सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. २०१९ मध्ये जन्मजात बहिऱ्या उंदरांवर प्रयोग झाले आणि त्यांचेही स्नायू ध्वनीला प्रतिसाद देतात असे दिसले. म्हणजे थेट परिणाम होता. तो श्रवणाच्या परिणामाखाली झाकला गेला होता. स्पंद एकदम सुरू न करता हळूहळू चढवला आणि उतरवला, तर ठोका फारसा ऐकू येत नाही, हेही कळले. आता चांगल्या प्रयोगात स्पंदांना असा उतार देतात आणि स्वयंसेवकांच्या कानात त्या ठोक्याला झाकणारा दुसरा आवाज सोडतात. शिवाय मेंदूतल्या एखाद्या असंबंधित जागीही ध्वनी एकवटून पाहतात. निष्कर्ष उभा राहतो तो या सगळ्यातून तावून सुलाखून निघाल्यावर. स्वतःच्याच आनंदाच्या बातमीवर शंका घेऊन ती तपासण्याचे हे धैर्य नसते, तर आज आपण एका मोठ्या भ्रमाला शोध म्हणत बसलो असतो.

रुग्णांपर्यंत काय पोचले?

ध्वनीचे दोन उपयोग इथे वेगळे ठेवायला हवेत. तीव्र ध्वनीने ऊती तापवून नष्ट करणे हा एक. कमी तीव्रतेच्या ध्वनीने पेशी न मारता त्यांचे वागणे बदलणे हा दुसरा.

पहिला उपयोग मान्यताप्राप्त उपचार झाला आहे. हातांना अनावर कंप सुटणाऱ्या रुग्णांसाठी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१६ मध्ये त्याला परवानगी दिली. रुग्ण जागा असतो. १,०२४ स्फटिकांच्या शिरस्त्राणातून थॅलॅमसमधल्या एका बिंदूवर ध्वनी एकवटतो. आधी जागा बरोबर आहे ना हे पाहण्यापुरते थोडेसेच तापवतात. रुग्णाला कागदावर शंखाकृती वेटोळे काढायला सांगतात. सुरुवातीला ती रेघ करवतीच्या दातांसारखी येते. बिंदू अचूक असला तर काही मिनिटांतच ती गुळगुळीत होऊ लागते. मग तापमान ५५-६० अंशांपर्यंत नेऊन तेवढा ठिपका कायमचा निकामी करतात. ७६ रुग्णांच्या चाचणीत हाताचा कंप तीन महिन्यांनी सरासरी ४७ टक्क्यांनी कमी झाला. ज्यांना केवळ उपचाराचा देखावा केला होता, त्यांच्यात काहीच फरक पडला नाही. मात्र सुमारे एक-तृतीयांश रुग्णांना चालताना तोल जाण्याचा किंवा बधिरपणाचा त्रास झाला आणि काहींचा तो वर्षभरानंतरही राहिला. जाळलेला ठिपका परत आणता येत नाही, हे विसरून चालणार नाही.

दुसरा उपयोग, म्हणजे पेशी न जाळता चेतवणे, अजून चाचण्यांच्या टप्प्यावर आहे. २०१६ मध्ये लॉस एंजेलिसमधल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात मार्टिन मोंटी यांनी कोमातून नुकत्याच बाहेर येऊ लागलेल्या २५ वर्षांच्या तरुणाच्या थॅलॅमसवर ध्वनी सोडला. तीन दिवसांत तो मान हलवून हो-नाही सांगू लागला. निरोप घेताना एका डॉक्टरांच्या मुठीला त्याने मूठही टेकवली. बातमी जगभर गेली. पण स्वतः मोंटी यांनीच बजावले की तो तरुण त्याच सुमारास आपोआप सुधारत असण्याचीही शक्यता आहे. एका रुग्णावरून याहून अधिक बोलता येत नाही.

युटा विद्यापीठात यान कुबानेक यांच्या गटाने जुनाट वेदना असलेल्या २० रुग्णांवर रीतसर चाचणी घेतली. कधी खरा उपचार, कधी देखावा. कोणता कधी, हे रुग्णाला कळू न देता. खऱ्या उपचारानंतर ६० टक्के रुग्णांची वेदना जाणवण्याइतकी कमी झाली. देखाव्यानंतर १५ टक्क्यांची. याच गटाने नैराश्यासाठी निवडलेली जागा सबकॅलोसल सिंग्युलेट ही आहे. हेलन मेबर्ग यांनी २००५ मध्ये टोरांटोत तिथे विद्युततार बसवून सहापैकी चार असाध्य नैराश्याच्या रुग्णांना बरे वाटत असल्याचे दाखवले होते. पश्चिम व्हर्जिनियात अली रेझाई यांचा गट व्यसनाधीन रुग्णांच्या न्यूक्लियस ॲकम्बेन्सवर हाच ध्वनी वापरून पाहतो आहे. या साऱ्या चाचण्या लहान आहेत. नैराश्य, वेदना आणि व्यसनाची ओढ या तिन्हींत नुसत्या विश्वासानेही मोठा फरक पडतो. म्हणून देखाव्याच्या उपचाराशी तुलना नसेल, तर कितीही उत्साहवर्धक आकडा अर्धाच समजावा.

किती सुरक्षित?

गर्भाची सोनोग्राफी सुरक्षित मानतात, म्हणून मेंदूवर सोडलेला ध्वनीही आपोआप सुरक्षित ठरत नाही. इथे ध्वनी एकाच जागी, पुनःपुन्हा सोडला जातो, आणि हाड तो शोषून स्वतः तापते. धोके दोन: उष्णता, आणि दाबाच्या चढउतारांनी ऊतीत बुडबुडे तयार होऊन पेशींना इजा होणे. या क्षेत्रातल्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने २०२४ मध्ये मर्यादा सुचवल्या. मेंदू, हाड आणि कातडी यांचे तापमान दोन अंशांहून अधिक वाढू नये आणि यांत्रिक परिणामाचा निर्देशांक १.९ च्या वर जाऊ नये. १२० स्वयंसेवकांच्या नोंदी तपासलेल्या एका पाहणीत गंभीर दुष्परिणाम आढळला नाही. मोजक्या जणांनी मान आखडणे, झोप येणे अशा सौम्य तक्रारी सांगितल्या. हे दिलासा देणारे आहे. पण महिनोन्महिने उपचार घेतल्यावर काय होते, हे सांगायला असे रुग्ण आधी असावे लागतात, आणि ते अजून फारसे नाहीत.

एक काळजी यंत्रापेक्षा माणसांची आहे. मन प्रसन्न करणारी, एकाग्रता वाढवणारी उपकरणे घरोघरी विकण्याची स्वप्ने काही कंपन्या पाहत आहेत. ध्वनीचे यंत्र स्वतः निर्दोष असूनही त्याचा वापर किती घातक होऊ शकतो, हे महाराष्ट्राला कुणी शिकवायला नको. सोनोग्राफीने गर्भलिंग ओळखून मुलींचे गर्भ पाडले जाऊ लागले, तेव्हा १९८८ मध्ये देशात सर्वांत आधी महाराष्ट्रानेच कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला. तोवर पुष्कळ उशीर झाला होता. मनाची घडण बदलू शकणाऱ्या साधनाबाबत नियम आधी आणि बाजार नंतर, हाच क्रम असायला हवा.

ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे, त्यांनी आज काय करावे? कंपासाठीचा तीव्र ध्वनीचा उपचार हा मान्य मार्ग आहे. आपल्या मेंदूविकारतज्ज्ञांशी त्याविषयी जरूर बोलावे. नैराश्य, वेदना, व्यसन यांसाठी मात्र 'अल्ट्रासाउंडने हमखास गुण' अशी जाहिरात दिसली तर पैसे देण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. ही चाचणी भारताच्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत नोंदलेली आहे का? देखाव्याच्या उपचाराशी तुलना झाली आहे का? माझ्या कवटीचे मोजमाप घेऊन जागा ठरवणार आहात का? तिन्हींना सरळ उत्तर न मिळाले तर तिथून उठून यावे.

चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी मेंदूच्या गाभ्याला हात लावायचा तर कवटी उघडण्यावाचून सहसा गत्यंतर नव्हते. आज काही मिलिमीटरच्या केंद्राला बाहेरून साद घालता येते आणि त्याने दिलेला प्रतिसाद त्याच क्षणी पडद्यावर पाहता येतो. वर्षानुवर्षे औषधांची पाकिटे बदलत बसलेल्या रुग्णासाठी ही फार मोठी गोष्ट आहे. ती त्याच्यापर्यंत खरी म्हणून पोचावी, यासाठी मोठ्या, काटेकोर, कंटाळवाण्या वाटणाऱ्या चाचण्यांना पैसा आणि वेळ मिळायला हवा. २०१८ मध्ये ज्यांनी आपलाच निष्कर्ष बहिऱ्या प्राण्यांपुढे नेऊन तपासला, त्यांनी या उपचाराचे जितके भले केले तितके कुठल्याही मथळ्याने केलेले नाही.